रक्तवाहिनीच्या भिंतीचें मोजमाप

झाडाचें पान चौकटींच्या कागदावर ठेवून त्याच्या कडेनें पेन्सिल फिरवावयाची, आंतील पूर्ण चौकटी मोजावयाच्या, व अर्ध्याहून अधिक व्यापलेली चौकट पूर्ण धरावयाची, ही क्षेत्रफळ काढण्याची रीत आमच्या शाळासोबत्यांस ठाऊक आहेच. तीच रीत मनुष्याच्या रक्तवाहिनीस लावतां येते असें तेव्हां कोणी सांगितलें असतें, तर आम्हीं तें थट्टेवारी नेलें असतें.

आमच्या काकांच्या पायांतील शीर काढून ती हृदयाच्या तुंबलेल्या धमनीस वळसा म्हणून जोडण्यांत आली, तेव्हांपासून या विषयाकडे आमचें लक्ष लागलें. १९६७ सालीं अमेरिकेंत क्लीव्हलंड येथें रेने फावालोरो या शल्यवैद्यानें ही शस्त्रक्रिया पुढें आणली. शीर मुळांत कमी दाब सोसणारी. तिजवर धमनीचा दाब पडूं लागला कीं तिच्या आंतल्या थरांत स्नायुपेशी शिरून वाढतात, थर जाड होतो व वाट अरुंद होते. छातींतील धमनी जोडली तर ती बहुधा अधिक टिकते. तिच्यांतील लवचिक तंतूंचा पडदा चांगला घडलेला असतो. तेव्हां कोणत्या भिंतींत काय किती आहे, हें मोजल्याखेरीज पुढचें बोलणें व्यर्थ होय.

त्यासाठीं सुमारें ५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या २०० व्या भागाएवढ्या जाडीचा काप कांचेवर घेतात. व्हेरहॉफ यांनीं १९०८ सालीं सांगितलेल्या रंगानें लवचिक तंतू काळे होतात. व्हान गीझनच्या रंगानें कोलॅजन तांबडें व स्नायू पिवळे दिसतात. सूक्ष्मदर्शकावरील कॅमेऱ्यानें घेतलेलें चित्र २००० ठिपके लांब व १५०० ठिपके रुंद असेल, तर एकंदर ठिपके ३० लक्ष झाले. करड्या चित्रांत प्रत्येक ठिपक्यास ० पासून २५५ पर्यंत अंक असतो. ० म्हणजे ठार काळा. अमुक अंकाखालचे ते तंतू, असें सांगितलें कीं संगणक निमिषांत हिशेब देतो. वेन रॅसबँड यांनीं १९९७ सालीं सिद्ध केलेला ‘इमेजजे’ हा आज्ञासंच तर विनामूल्य मिळतो.

तत्त्व मात्र जुनें आहे. फ्रेंच भूगर्भवेत्ता डेलेस यानें १८४७ सालीं दाखविलें कीं, छेदांत खनिजाच्या क्षेत्रफळाचें जें प्रमाण, तेंच खडकांत त्याच्या घनफळाचें. तो खनिजांच्या आकृती कागदावर उतरवून कथलाच्या पत्र्यावर चिकटवी, कात्रीनें कापी व तुकडे तराजूंत टाकी! आम्हांस संगणकाहून ही कात्रीच अधिक प्रिय वाटते, हें सांगून टाकतों.

परंतु तो ‘अमुक अंक’ ठरवावयाचा कोणीं? एका स्नेह्याच्या प्रयोगशाळेंत बसून आम्हीं एकाच चित्रावर सीमा प्रथम ९० व मग १०० धरून पाहिली. काप तोच, तरी तंतूंचें प्रमाण वाढलें. पानाची अर्धी चौकट ती हीच! शिवाय व्हेरहॉफची रीत अशी कीं, काप आधीं गडद रंगवून मग फेरिक क्लोराइडनें जादा रंग काढावयाचा. कोणाचा हात जरा अधिक वेळ रेंगाळला, तर बारीक तंतू फिके पडतात, व रंगविणाराच्या हातांतला फरक दोन रोग्यांतील फरक म्हणून कागदावर उमटतो. काकांच्या शिरेचा काप अर्थातच कोणी घेणार नाहीं. त्यांस जो सल्ला मिळावयाचा, तो इतरांच्या कापांवरून काढलेल्या अंकांच्याही आधारें. यास्तव सर्व काप एकाच वेळीं रंगवावे, प्रकाश एकच ठेवावा, सीमा आधींच ठरवावी, आणि काप कोणाचा हें मोजणारास कळूं देऊं नये, असा आमचा आग्रह आहे.

इतकें करूनही धुळीचा कण किंवा कापास पडलेली घडी काळीच दिसते, व संगणक तिला निमूटपणें तंतूंत जमा धरतो. तीं स्थळें एकेक चित्र पाहून हातानें वगळावीं लागतात, आणि त्यांतच दिवसाचा बहुतेक वेळ जातो.