कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आणि खांबांवरची नावं

मंडळी, पुण्या-मुंबईहून पाहुणे आले आणि आम्ही म्हटलं, "चला, छत्रीवर जाऊन येऊ," की ते आधी आभाळाकडे बघतात. मग हसू होतं, आणि मग समजावून सांगावं लागतं. आमच्या इंदूरला छत्री म्हणजे पावसात उघडायची ती नव्हे (तीही असते!), तर दगडी समाधी-मंडप. राजघराण्यातल्या माणसाच्या स्मरणासाठी बांधलेला, बहुधा जिथे दहन झालं तिथे किंवा नदीकाठी. मराठे जिथे जिथे गेले तिथे अशा छत्र्या राहिल्या. महादजी शिंद्यांची पुण्याला वानवडीत आहे, थोरल्या मल्हाररावांची भिंड जिल्ह्यात आलमपूरला, अहिल्याबाईंची महेश्वरला. आणि आमच्या राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर, कान्ह नदीच्या काठी, कृष्णपुऱ्याच्या तीन.

पहिली कृष्णाबाईंची. यशवंतराव होळकरांच्या या पत्नी. 1844 मध्ये गादी रिकामी झाली तेव्हा दुसऱ्या तुकोजीरावांना लहान वयात गादीवर बसवलं, त्यात मांसाहेब म्हणून त्यांचा शब्द मोठा होता. 1849 ला त्या गेल्या. दुसरी छत्री याच तुकोजीरावांची. इंदूरला रेल्वे आणण्यासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज देणारा हा राजा. कर्ज घेणारे संस्थानिक पुष्कळ झाले, देणारा आमचा! तिसरी त्यांचे चिरंजीव शिवाजीराव यांची. 1903 मध्ये त्यांनी गादी सोडली आणि 1908 मध्ये ते वारले.

पण खरं सांगू? आम्हा जुन्या इंदूरकरांना हा इतिहास पुष्कळ उशिरा कळला. लहानपणी छत्री म्हणजे आडोसा. माझी आजी राजवाड्याच्या बाजारातून पिशव्या घेऊन यायची, आभाळ भरलं की म्हणायची, "पाऊस येऊन राहिलाय, छत्रीत चल." मग ओल्या पायांनी दगडी पायऱ्या चढायच्या आणि मंडपात उभं राहायचं. तिथे आधीच भाजीवाल्या बसलेल्या, कुणी हातगाडी बाहेर सोडून आत आलेला, दोन-चार कॉलेजची मुलं, एखादे आजोबा पेपर डोक्यावर धरून. कुणी कुणाला जात विचारत नसे, भाषा विचारत नसे. आजी खांबाला टेकायची आणि टेकण्याआधी हात लावून नमस्कार करायची. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांच्या घरात उभे आहोत ना आपण." बस, इतकंच.

हे सगळं लिहायचं कारण त्या खांबांची आजची अवस्था. मी निवृत्त झाल्यापासून आम्ही पाच-सहा जणी आठवड्यातून एकदा संध्याकाळी तिकडे फिरायला जातो. हाताला येईल तितक्या उंचीवर नावं आहेत. किल्लीने कोरलेली, मार्करने लिहिलेली, स्प्रेने उडवलेली. बदाम, बाण, तारखा, मोबाईल नंबर. कोपऱ्यात गुटख्याच्या लाल धारा. आणि हे त्या शहरात, जे 2017 पासून स्वच्छतेत देशात पहिलं येत आलं! आमच्याकडे मुलगा चॉकलेटचा कागद रस्त्यावर टाकत नाही, खिशात ठेवतो. पण तोच मुलगा दीडशे वर्षांच्या दगडावर नाव कोरतो. कागद दिसतो, डबा दिसतो. दगड मात्र कुणाचाच वाटत नाही.

आता वाटेल, पुसून टाकावं, त्यात काय. तर नाही हो. दगडाला बारीक छिद्रं असतात. रंग वरवर राहत नाही, आत शोषला जातो. तारेच्या ब्रशने घासलं की रंगाबरोबर दगडाची वरची साल जाते. कोरीव कामाचं नाक-डोळं बोथट होतं आणि खरखरीत झालेल्या जागेवर पुढचा डाग आणखी घट्ट बसतो. संडास धुवायचं ॲसिड ओतणारे महाभाग असतात, ते ॲसिड सांध्यातला चुना खातं. गुटख्याचंही तसंच. कोलकात्याच्या हावडा पुलाचं लोखंड लोकांच्या थुंकीने झिजलं आणि खांबांच्या पायाला फायबरची आवरणं घालावी लागली. मग दगड-चुन्याची काय कथा! जाणकार माणसं आधी दगड तपासतात, कोपऱ्यात छोटासा भाग करून बघतात, लगद्याचा लेप लावून डाग हळूहळू बाहेर ओढतात. वेळ लागतो, पैसा लागतो. आणि कोरलेलं नाव तर कशानेच जात नाही. म्हणजे प्रत्येक खरडण्यात थोडा दगड जातो आणि प्रत्येक चुकीच्या सफाईतही थोडा जातो.

एकदा एक मुलगा आमच्यासमोरच किल्ली काढून बसला. सोळा-सतराचा असेल. आमच्यातल्या एकीचा आवाज चढणार होता, मी तिला थांबवलं आणि त्याला विचारलं, "बेटा, नाम पूरा लिखोगे या आधा?" तो दचकला. मग म्हणाला, "आंटी, इतने सारे तो लिखे हैं, एक मेरे से क्या हो जाएगा?"

मंडळी, मला त्याचं हे उत्तर फार महत्त्वाचं वाटतं. तो उर्मट नव्हता. त्याला कुणी हे कुणाचं आहे सांगितलंच नव्हतं, खांबाने मात्र सांगितलं होतं की इथे चालतं. लिहिलेल्या भिंतीवर लिहायला धीर लागत नाही. कोऱ्या भिंतीवर लागतो. मी त्याला पंधरा मिनिटांत कृष्णाबाईंची आणि एक कोट रुपयांची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "राजाने अंग्रेजों को उधार दिया? सच्ची?" आणि किल्ली खिशात गेली. पुन्हा कधी काढली नसेल असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी नाही काढली.

आमच्या मराठी मंडळींत यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, आत जाणंच बंद करा. कुलूप, जाळी, बाहेरून बघा. दुसऱ्या तटात मी आहे. कुलपाने खांब काही दिवस वाचतील, मान्य. पण रिकाम्या, बंद जागेत रात्री भिंत चढून येणाऱ्याला तर मोकळं रान. त्याला बघणारं कुणीच उरत नाही. ज्या ओट्यावर चार म्हातारी माणसं गप्पा मारत बसली आहेत, तिथे किल्ली काढायला लाज वाटते. आणि ज्या छत्रीत पावसाचं माणूस शिरू शकत नाही, ती छत्री कसली? होळकरांनी घाट बांधले, विहिरी, धर्मशाळा बांधल्या, त्या वापरासाठीच. शिवाय 1984 च्या दंगलीत राजवाडा जळताना बघितलेली माझी पिढी आहे. पुढचा दगडी भाग तेवढा उभा राहिला, मागचं सगळं गेलं. शहराने तो पुन्हा उभारला, पण जुनं लाकूड परत आलं नाही. कुलूप इमारतीला राखतं की तिच्यावर जीव असणारी माणसं राखतात, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

पहारेकरी हवा, दिवे हवेत, दंड हवा, यात वाद नाही. मध्य प्रदेशात भिंती विद्रूप करण्याविरुद्ध 1994 चा कायदा आहे, त्यात हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण कायदा कागदावर बसून असतो आणि मुलगा किल्ली घेऊन खांबापाशी. मधे कुणीतरी माणूस लागतं.

म्हणून आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय. दर आठवड्याला जायचं, तासभर बसायचं, डबा तिथेच खायचा आणि कागद परत आणायचे. नवीन खरडलेलं दिसलं तर तारखेसह फोटो काढून संबंधितांना कळवायचं, म्हणजे रंग जुना होऊन आत मुरण्याआधी काही करता येईल. स्वतः कपडा-ब्रश घेऊन घासायला बसायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आणि कुणी मूल आलं की गोष्ट सांगायची, हिंदीत, मराठीत, त्याला जी येते त्या भाषेत. पायऱ्यांजवळचा एक खांब आम्ही खास लक्ष ठेवायला निवडलाय. दिवाळीपासून त्यावर नवीन नाव आलेलं नाही. बाकीच्यांवर आलीत. एक खांब म्हणजे काही फार नाही, पण आधी एकही नव्हता.

एक बोलायचंच आहे, राग मानू नका. "आपल्या लोकांना कदर नाही" असं म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना मी विचारते, काका, तुम्ही छत्रीवर शेवटचे कधी गेला होता? बहुतेकांना आठवावं लागतं. नातवंडांना मॉल दाखवला, छत्री दाखवली नाही. मग ती जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्याच हातात राहिली, तर दोष एकट्या किल्लीवाल्याचा कसा?

तर इंदूरकरहो, येत्या रविवारी संध्याकाळी सव्वापाचला आम्ही तिथे असू. चिवडा मी आणते. ग्वाल्हेर, बडोदा, बेळगावकडच्या मंडळींनी आपापल्या गावातला असा एखादा ओटा, घाट, धर्मशाळा गाठावी आणि तिथे नुसतं जाऊन बसावं. सोबत एक लहान मूल असेल तर फारच छान.