वेळ लिहून ठेव

पुणे, रविवार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ऑपरेशननंतर सासूबाई रात्रभर तळमळत होत्या, दोनदा निरोप जाऊनही डॉक्टर आले नाहीत, आणि आता घरातले म्हणतात, डॉक्टरांशी वाकडं कशाला घ्यायचं. त्यांची भीती खोटी नाही. म्हणूनच एका जुन्या खटल्याची हकीकत लिहिते.

६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या मांडीचं हाड मोडलं. वडील स्वतः डॉक्टर. गावात जमेल तशा फळ्या बांधून ९ तारखेला त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. सर्जनने मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितली होती, पण दुसरं दिलंच गेलं नाही. पूर्ण भूल न देता पाय जोराने ओढून हाड जुळवलं आणि प्लास्टर घातलं. सातपर्यंत गुंगी उतरेल, असं सांगितल्यावर वडील त्या भरवशावर निघालेही. साडेसहाच्या सुमारास आईच्या लक्षात आलं, की पोराला श्वास घेणं जड जातंय, खोकला येतोय. रात्री नऊला तो गेला. दाखल्यावर कारण लिहिलं होतं : चरबीची गुठळी.

वडिलांना ते पटलं नाही. आपल्याच पेशातल्या माणसाविरुद्ध ते कोर्टात उभे राहिले. खटला खालच्या कोर्टातून हायकोर्टात आणि तिथून सुप्रीम कोर्टात गेला. १९६८ मध्ये निकाल आई-वडिलांच्या बाजूने कायम झाला. भरपाई ३,००० रुपये. एवढ्या पैशांसाठी कोणी पंधरा वर्षं झगडत नाही, मुग्धा. रुग्ण हाती घ्यायचा की नाही, उपचार कोणता करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही पायऱ्यांवर डॉक्टरने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे, असं त्या निकालाने सांगितलं. निष्काळजीपणाच्या खटल्यांत आजही त्याचा दाखला देतात.

मला त्यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की अख्खा खटला एका दुपारभोवती फिरला. इंजेक्शन कधी दिलं, थिएटरमध्ये कधी नेलं, श्वास कधी अडला. सासूबाईंच्या तक्रारीतही तेच लागणार आहे. ‘बेफिकीर’, ‘निर्दय’ असल्या शब्दांनी काही सिद्ध होत नाही. ‘पहिला निरोप इतक्या वाजता, नेणारी सिस्टर अमुक’ या ओळीला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

त्यासाठी आधी कागद. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. सासूबाईंच्या सहीने लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.

मग प्रश्न, जायचं कुठे. डॉक्टरच्या वागणुकीचा न्याय महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल करते. ताकीद देणं, नोंदवहीतून नाव काही काळ किंवा कायमचं काढणं तिच्या हातात आहे, पैसे मिळवून देणं नाही. भरपाई हवी तर ग्राहक आयोग. तिथे दोन वर्षांची मुदत असते, आणि पैसे घेऊन केलेला उपचार त्या कायद्यात येतो हे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच स्पष्ट केलंय. पोलिसांचा विचार तूर्त नको. सुप्रीम कोर्टाच्याच २००५ च्या निकालानंतर गुन्ह्यासाठी ठळक, ढोबळ निष्काळजीपणा लागतो आणि तटस्थ डॉक्टरचं मतही.

कौन्सिलकडून फार लवकर काही होईल असं मी सांगणार नाही. सहा महिन्यांत निर्णय व्हावा असा नियम आहे, पण प्रकरणं रेंगाळतात. आणखी एक गोष्ट मला मनापासून खुपते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०१९ च्या कायद्यात, कलम ३० मध्ये, कौन्सिलच्या निर्णयावर अपील करणाऱ्यांत डॉक्टरांचाच उल्लेख आहे, रुग्णाचा नाही. ज्याच्या अंगावर सगळं गुदरलं, त्याला वरचं दार नसावं हे अन्यायाचं आहे.

तरीही तक्रार द्यावी, असंच मला वाटतं. त्या डॉक्टरांकडे उद्याही पेशंट झोपलेले असतील, आणि आज काही नोंदलंच नाही तर पुढच्या तक्रारदाराला मागचं काहीच सापडणार नाही. सासूबाईंची इच्छा मात्र आधी विचार. दुखणं त्यांचं आहे.

त्या रात्री कॉट नंबर काय होता, कोण जागं होतं, हे सासऱ्यांना आजच विचारून लिहून काढ. फोनमधल्या कॉलचे फोटो काढून ठेव. गुरुवारी दुपारच्या गाडीने येते, मग मसुदा करायला बसू.

तुझी,
माई आत्या