हयातीचा दाखला

माणूस मेल्याचा दाखला नगरपालिका देते. तो जिवंत असल्याचा दाखला मात्र बँकेत मिळतो. बी.कॉम.च्या तीन वर्षांत हे शास्त्र मला कुणी शिकवले नव्हते. पण गेली वीस वर्षे दर नोव्हेंबरात मी काउंटरवर बसून पेन्शनरांचे फॉर्म घेतो, समोरच्या माणसाकडे चष्म्यावरून पाहतो आणि तो हयात असल्याची खात्री करून कागद साहेबांच्या सहीला पाठवतो. चित्रगुप्त तरी याहून निराळे काय करतो? फरक एवढाच, की त्याचा हिशेब रोजच्या रोज जुळतो.

आमची शाखा भुसावळची, त्यामुळे पेन्शनर बहुतेक रेल्वेचे. त्यांतलेच एक गार्डसाहेब. जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेला, पण बँकेत कायम पहिले. दर एक तारखेला, दहाला दोन मिनिटे कमी असताना शटरपाशी हजर. 2022 साली रेल्वेने गार्डांना ‘ट्रेन मॅनेजर’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा ते थेट आमच्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरले. “निवृत्त होऊन वीस वर्षांनी मॅनेजर झालो. आता बरोबरीच्या नात्यानं चहा मागवा!”

2014 साली ‘जीवन प्रमाण’ आले आणि हयात ठरवायचे काम यंत्राकडे गेले. अंगठा ठेवायचा, की झाले. पण म्हाताऱ्या अंगठ्यावरच्या रेघा झिजलेल्या. यंत्र काही केल्या ओळख देईना. गार्डसाहेब म्हणाले, “जन्मभर झेंड्याची काठी धरली. रेघा तिलाच चिकटून गेल्या असतील.” मग 2021 साली चेहरा ओळखणारी सोय आली. त्यात मोबाईलसमोर बसून डोळे मिचकावायचे.

परवाच्या ऑक्टोबरात मी ते ॲप त्यांच्या मोबाईलवर घालून दिले. ऐंशी ओलांडलेल्यांचे दाखले ऑक्टोबरपासूनच घेतात.

“डोळे मिचकावा, साहेब.”

“अहो, उभ्या जन्मात बायकोला डोळा मारला नाही, तो आता या डबड्याला मारू?”

मारला. दाखला झाला. त्या उत्साहात मी बँकेचेही ॲप घातले. खोटे कशाला बोलू, तेवढीच माझ्या टार्गेटमध्ये एकाची भर! वर म्हणालो, “आता बँकेत यायचं कामच नाही!”

“कामच नाही?” त्यांनी विचारले.

“अजिबात नाही.”

एक नोव्हेंबरला ते आले नाहीत. मला माझ्या समाजसेवेचे कौतुक वाटले. एक डिसेंबरलाही आले नाहीत, तेव्हा मात्र दहाला दोन मिनिटे कमी असताना माझी नजर आपोआप दाराकडे गेली. कॉम्प्युटरवर पाहिले. दाखला जमा, पेन्शन जमा. कॉम्प्युटरच्या मते गार्डसाहेब ठणठणीत होते. पण ऑक्टोबरात मारलेल्या डोळ्यावर डिसेंबरात किती भरवसा ठेवायचा?

संध्याकाळी शिपायाला पत्ता विचारून घरी गेलो. बेल दाबली. बराच वेळ काही हालचाल नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग आतून चपला फरपटल्याचा आवाज आला आणि दार उघडले. दाढी वाढलेली, पण गार्डसाहेब हयात होते.

“या, या! हा सगळा तुमचाच प्रताप,” ते म्हणाले. “लाइटबिल मोबाईलवर, औषधं मोबाईलवर. वाणसामान आणणारा पोरगा दारातूनच ओटीपी मागतो. नाव विचारत नाही हो, ओटीपी विचारतो! दोन महिन्यांत घरात येऊन बसलेले तुम्ही पहिलेच.”

“मग बँकेत का आला नाहीत?”

“तुम्हीच म्हणालात ना, काम नाही? बिनकामाचा माणूस बँकेत बसला, की वॉचमन विचारतो.”

मला उत्तर सुचेना. चाळीस वर्षांच्या नोकरीनंतर रेल्वेने त्यांना निवृत्त केले होते. बँकेतून मात्र मीच केले होते, तेही निरोपसमारंभाशिवाय.

“साहेब,” मी म्हणालो, “त्या मोबाईलवर पासबुक भरता येत नाही. ते तुम्हाला आणावंच लागेल.”

दारात पासबुक भरायचे यंत्र आहे, हे त्यांना माहीत होते. मला तर होतेच. दोघेही काही बोललो नाही.

पुढच्या एक तारखेला, दहाला दोन मिनिटे कमी असताना, ते दाढी करून शटरपाशी उभे. यंत्राकडे ढुंकूनही न पाहता माझ्या काउंटरवर आले. तीन महिन्यांच्या मिळून नोंदी तीन. त्या भरायला आम्हाला पाऊण तास लागला.