जागा दिली म्हणून माणूस संपत नाही

घरचा कारभार पोराच्या हाती कधी द्यावा, हा प्रश्न साठी गाठलेल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या मनात घोळत असतो. पोरगा कर्ता झालेला असतो, पण आपलेही हातपाय चालत असतात. कारभार सोडावा तर आपण अडगळीत पडू ही धास्ती. न सोडावा तर पोरगा मनात कुढतो. मला या बाबतीत परमुलखातल्या एका माणसाची हकिगत फार उपयोगी पडली. तो शेतकरी नव्हता. इंग्लंडमधला फुटबॉलचा गोलरक्षक होता. नाव गॉर्डन बँक्स.

कोल्हापूरकडच्या मंडळींना फुटबॉल सांगायला नको. इतरांसाठी एवढंच, की गोलरक्षक म्हणजे माळ्यावर बसलेला राखणदार. दिवसभर पाखरं हाकलली तर कुणी विचारत नाही. चार कणसं गेली की बोल त्यालाच.

बँक्स १९३७ साली शेफिल्ड या पोलादाच्या कारखान्यांच्या शहरात जन्मला. घरची गरिबी. शाळा सुटल्यावर कोळसेवाल्याकडे पोती भरली, मग गवंड्याच्या हाताखाली राबला. चेस्टरफील्ड या लहानशा क्लबाकडून तो लीगचे फक्त २३ सामने खेळला आणि १९५९ मध्ये लेस्टर सिटी या मोठ्या क्लबाने ७ हजार पौंड मोजून त्याला नेलं. तिथं त्याने आठ वर्षं काढली. १९६१ आणि १९६३ मध्ये एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात हार पदरी आली, १९६४ मध्ये लीग कप जिंकला. १९६६ मध्ये इंग्लंडने विश्वचषक जिंकला, तेव्हा गोलात उभा होता तो बँक्सच.

आता पुढचं ऐका. विश्वचषक जिंकून वर्षही झालं नव्हतं, तोच क्लबाने त्याला विकायला काढलं. कारण काय? क्लबातच तयार झालेला पीटर शिल्टन नावाचा १७ वर्षांचा पोरगा जागा मागत होता. बँक्स तेव्हा २९ वर्षांचा. जगज्जेत्या संघाचा गोलरक्षक, आणि त्याला सांगितलं गेलं की आता तू दुसरीकडे बघ. त्या रात्री त्याला झोप लागली असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं.

त्याला घेतलं स्टोक सिटीने, सुमारे ५० हजार पौंडांना. तिथले व्यवस्थापक टोनी वॉडिंग्टन मुरलेल्या माणसांची कदर करणारे. स्टॅन्ली मॅथ्यूज या जुन्या खेळाडूला त्यांनी ४६ व्या वर्षी परत आणलं होतं. स्टोकमध्ये बँक्सचा हात आणखी पक्का झाला. १९७० मध्ये मेक्सिकोत देशासाठी खेळताना पेलेने डोक्याने मारलेला चेंडू त्याने उडी घेऊन वर उडवला, तो याच काळात. १९७१ च्या डिसेंबरात लीग कपच्या उपांत्य फेरीत, सामना संपत आला असताना, वेस्ट हॅमच्या जेफ हर्स्टची पेनल्टी त्याने अडवली. ती अडली म्हणून स्टोक स्पर्धेत टिकलं. मार्च १९७२ मध्ये चेल्सीला २-१ ने हरवून शंभरावर वर्षं जुन्या त्या क्लबाने पहिला मोठा कप घरी नेला. विजयी गोल करणारा जॉर्ज ईस्टहॅमही ३५ वर्षांचा होता.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मोटारीच्या अपघातात बँक्सचा उजवा डोळा गेला. इंग्लंडातला खेळ तिथंच थांबला. तरी १९७७ मध्ये तो अमेरिकेत फोर्ट लॉडरडेलच्या संघाकडून एका डोळ्याने उभा राहिला, आणि त्या लीगचा वर्षातला उत्तम गोलरक्षक ठरला. २०१९ मध्ये, ८१ व्या वर्षी, तो वारला.

आणि तो पोरगा शिल्टन? तो इंग्लंडच्या लीगमध्ये हजारावर सामने खेळला. १९७४ मध्ये तोही स्टोकच्याच गोलात येऊन उभा राहिला. म्हणजे पोराची पारख खोटी नव्हती आणि थोरल्याचं कसबही संपलं नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

गेल्या तीन वर्षांपासून आमच्या घरचा कारभार थोरला मुलगा पाहतो. कोणतं बियाणं, कोणता बाजार, कर्ज किती, सगळं तोच ठरवतो. पहिल्या हंगामात मला ओट्यावर बसून राहणं जड गेलं. मग कांद्याचं रोप मी माझ्याकडे घेतलं. गादीवाफा किती उंच हवा, पाणी कधी तोडायचं, हे हाताला ठाऊक असतं. औंदा शेजारच्या तिघांनी माझ्याकडून रोप नेलं. पोरगं म्हणालं, "आबा, रोपाचं तुम्हीच बघा, मला ते जमत नाही." ते ऐकून बरं वाटलं.

म्हणून थोरल्यांना सांगणं एवढंच, की जागा द्या. पण कसब खुंटीला टांगू नका. आणि पोरांनो, बापाची जागा घ्याल तेव्हा त्याला उभं राहायला दुसरी जागा शोधून द्या. प्रत्येकाच्या वाटेवर वॉडिंग्टन भेटतोच असं नाही. घरातच कुणीतरी वॉडिंग्टन व्हायला हवं.