गुरगुरणाऱ्याला गप्प करू नका

‘आधी निदान गुरगुरायचा, आता थेट चावतो.’ ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो, ‘गुरगुरला की तुम्ही काय करायचात?’ उत्तर बहुधा ठरलेलं असतं : ओरडायचो, चोक चेनला हिसका द्यायचो, नाकावर चापट मारायचो. इशारा दिला की मार बसतो, एवढं कुत्रा यातून नीट शिकतो. भीती तशीच राहते, इशारा मात्र जातो.

खरं तर गुरगुरण्याआधी तो बरंच काही सांगून झालेला असतो. तोंड फिरवतो, झोप नसताना जांभई देतो, ओठ चाटतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दाखवतो, अंग ताठ करतो. शेपटी हलते म्हणजे स्वारी खूश, हा समजही चावून घ्यायला लावतो. उंच, ताठ शेपटी भराभर हलत असेल तर जवळ जाऊ नये.

‘घरात मालक कोण ते दाखवून द्या’ या सल्ल्याचं मूळ लांडग्यांत आहे. अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बंदिस्त लांडग्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने ‘अल्फा’ची, म्हणजे कळपावर सत्ता गाजवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना सर्वदूर नेली. त्यांनीच १९९९ मध्ये मांडलं, की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. सल्ला मात्र तसाच चालू राहिला. त्यातून येणाऱ्या दंडाचा परिणामही तपासला गेला आहे. पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दंडाचा वापर जास्त असलेल्या प्रशिक्षणानंतर कुत्र्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, अधिक वाढलेलं आढळलं.

मग करायचं काय? अचानक गुरगुरायला लागला असेल तर आधी पशुवैद्य गाठा. कान, दात किंवा सांधे दुखत असू शकतात. दुखणं नसेल, तर अंतर मोजा. अनोळखी माणूस किती लांब असताना कुत्रा त्याला बघूनही सैल राहतो? तालीम तिथून सुरू होते. माणूस दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. माणूस दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा. आधी खाऊ दाखवला, तर खाऊच संकटाची वर्दी ठरतो. काही दिवसांनी माणूस दिसताच कुत्रा वळून तुमच्या हाताकडे पाहू लागला, की एक पाऊल पुढे. त्याने खाणं सोडलं, तर तुम्ही फार जवळ आलात.

‘गुरगुरण्याला बक्षीस दिलं, तर वाढणार नाही का?’ भीती कमी झाली, की गुरगुरण्याची गरजच उरत नाही.

दिवाळीत फराळाला पाहुणे आले आणि कुत्रा गुरगुरला, तर ती तालमीची वेळ नव्हे. पाहुण्यांना मागे सरकायला सांगा, त्याला आतल्या खोलीत न्या, दार लावा. सोबत चघळायला काहीतरी द्या, पण लाडू नको. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात.