दांडीच्या वाटेवरची अरुण टुकडी

सुरतेहून दांडीस जाणारी वाट फार लांबची नाही. दिंडोली, वांझ, धामण, नवसारी आणि मग समुद्र, असा हा सुमारे पन्नास किलोमीटरांचा टप्पा. १२ मार्च १९३० रोजी साबरमतीहून निघालेली गांधीजींची पदयात्रा एप्रिलच्या आरंभी याच गावांवरून गेली आणि ६ एप्रिल रोजी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले गेले. त्या यात्रेकरूंत साबरमती आश्रमातील संगीताचे आचार्य पंडित नारायण मोरेश्वर खरे होते, ही गोष्ट गुजरातेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाने विसरू नये. त्या काळी खेडे असलेले दिंडोली आज सुरत शहरात सामावून गेले आहे आणि खानदेशातून पोटासाठी आलेल्या मराठी कुटुंबांनी तो सारा परिसर गजबजला आहे. तिथल्या गल्लीतून पहाटे सायकल काढावी तर कानावर अहिराणी पडते, आणि दोन तासांनी नवसारीत शिरावे तर पारशी वळणाची गुजराती. एवढ्याशा वाटेत भाषेचे इतके रंग क्वचितच पाहावयास मिळतात.

ती पदयात्रा धाडसाची होती, परंतु बेफिकिरीची मुळीच नव्हती. गुजरात विद्यापीठातील विद्यार्थ्यांची ‘अरुण टुकडी’ मुख्य यात्रेच्या पुढे जात असे, गावाची माहिती गोळा करीत असे आणि मुक्कामाची व्यवस्था पाहत असे. सूर्याच्या आधी अरुण यावा, तशी यात्रेच्या आधी ही तयारी. आज सुरतेतून सुटीच्या दिवशी सायकलीवर निघणाऱ्या मंडळींकडे पाहिले की आम्हांस या टुकडीची आठवण होते. प्रत्येकापाशी हवा भरण्याचा पंप असतो, पंक्चरचे सामान असते, सुटी ट्यूबही असते. म्हणजे सायकलीस इजा झाली तर तिची तरतूद आहे. स्वारास झाली तर मात्र सारा भरवसा परमेश्वरावर! गादीखाली मावेल एवढ्या एका पिशवीने ही उणीव भरून निघते. मात्र तीत काय असावे हे औषधांच्या दुकानातील फळ्यांवरून ठरवू नये. ते वाटेनेच ठरवावे.

शहराची हद्द संपता संपता रस्त्याच्या कडेस बांधकामाची वाळू आणि खडी सांडलेली असते. सायकल घसरावयास तेवढे पुरे. गुडघा आणि कोपर सोलवटणे हा सायकलस्वाराचा नित्याचा अपघात, आणि त्यावरचे पहिले औषध म्हणजे भरपूर स्वच्छ पाणी. पिण्याजोगे पाणी जखमेवर सोडून माती धुवावी, रुतलेला खडा चिमट्याने काढावा, निर्जंतुक जाळीची घडी ठेवून पट्टी बांधावी. कापूस थेट जखमेवर ठेवू नये, त्याचे तंतू चिकटतात. आमच्या पिढीचे गुडघे ज्या ‘लाल औषधा’ने रंगले, त्यात पारा होता, ते आता मागे पडले आहे, आणि हळद, चहापूड, तंबाखू हे उपाय तर जखमेत घाण घालणारेच. गांधीजींचा मातीच्या पट्टीवर मोठा विश्वास होता. त्यांच्याविषयीचा आदर राखूनही सांगावयास हवे की उघड्या जखमेस माती लागणे म्हणजे धनुर्वातास आमंत्रण. जखम मळलेली असेल आणि धनुर्वाताची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर परतल्यावर डॉक्टरांकडे जाऊन ती पुन्हा टोचून घ्यावी.

नवसारीच्या अलीकडे पूर्णा नदी लागते. एका हिवाळ्यात तिच्या पुलाच्या थोडे अलीकडे आमच्या पुढे चाललेला एक अनोळखी तरुण सायकलीसह पडला. कॅरिअरला बांधलेल्या पत्र्याच्या तुकड्याने त्याची पोटरी चिरली आणि रक्ताची धार लागली. पाहता पाहता दहा-बारा माणसे जमली. कोणी तंबाखू पुढे केली, कोणी वर घट्ट दोरी बांधा म्हणाले, आणि एक वडीलधारे गृहस्थ हळूच म्हणाले, ‘हात लावू नका, पोलिसांचे लचांड मागे लागेल.’ आमच्या सोबत्यांपैकी एका शिक्षकांनी पिशवीतून रबरी हातमोजे काढून चढविले, त्या तरुणास आडवे केले, जाळीच्या घड्या जखमेवर ठेवून तळहाताने जोर देऊन दाबल्या आणि पाय उचलून धरला. पहिली घडी भिजली, तेव्हा ती न काढता तिच्यावरच दुसरी ठेवली. रक्त थांबले की नाही हे पाहण्याचा मोह प्रत्येकास होतो, आणि त्या मोहापायीच नुकती धरू लागलेली गुठळी सुटते. त्यांनी दहा मिनिटे हात हलविला नाही. एवढ्यात दुसऱ्याने १०८ क्रमांक फिरविला होता. रुग्णवाहिका आली तेव्हा रक्त थांबलेले होते आणि तरुण बोलत होता. त्याचे नाव आम्ही विचारले नाही, त्यानेही आमचे विचारले नाही.

त्या वडील गृहस्थांची भीती निराधार होती असे नव्हे. तिच्यामागे पुष्कळांचा जुना अनुभव होता. परंतु मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने रस्त्यावर जखमी पडलेल्यास सद्‌भावनेने साहाय्य करणाऱ्यास संरक्षण दिले आहे, आणि त्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे अशी सक्तीही करता येत नाही. ही माहिती पिशवीत भरता येत नाही, ती डोक्यात बाळगावी लागते. जमलेल्या घोळक्यात ती एका माणसास ठाऊक असली, तरी दहाजणांचे हात मोकळे होतात.

पुढे उसाची शेते लागतात आणि वस्त्यांच्या तोंडाशी सायकलीमागे धावणारी कुत्री. कुत्रा चावल्यास जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. म्हणून आमच्या पिशवीत साबणाची एक लहानशी वडी असते. तिला कोणी औषध म्हणत नाही, परंतु तिच्याइतके मोलाचे दुसरे काही त्या पिशवीत नाही. धामण हे गावाचे नाव ऐकून मराठी माणसास साप आठवल्यावाचून राहत नाही. धामण बिचारी बिनविषारी. मात्र नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप आपल्या देशात ठिकठिकाणी आढळतात. सर्पदंशासाठी पिशवीत काहीही नसावे, पाते तर नाहीच. चिरू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता माणसास धीर द्यावा आणि प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात विनाविलंब न्यावे.

दमट हवा हा या किनाऱ्याचा स्वभाव. घामावाटे पाणी जाते तसे मीठही जाते, आणि मिठाच्याच वाटेवर कोणी मिठावाचून चक्कर येऊन पडावे, हा दैवाचा विनोद म्हणावा लागेल! यासाठी क्षारसंजीवनीच्या दोन पुड्या ठेवाव्यात. येथे एक सूचना आवश्यक आहे. मोठी पुडी पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असते, आणि सायकलीवरच्या बाटल्या बहुधा अर्ध्या किंवा पाऊण लिटरच्या. कमी पाण्यात सारी पुडी ओतल्यास द्रावण खारट होऊन अपायच होतो. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र पाण्याचा थेंबही घालू नये. मधुमेही सोबत्यासाठी थोडी खडीसाखर हवीच.

पडताना माणूस हात पुढे टाकतो आणि बऱ्याचदा गळ्याजवळचे हाड मोडते. तेव्हा उपयोगी पडतो तो तिकोनी रुमाल. मीटरभर चौरस मांजरपाट तिरका कापला की दोन झोळ्या होतात. एस्मार्क नावाच्या जर्मन शल्यवैद्याने गेल्याच्या मागील शतकात हा रुमाल लोकप्रिय केला. आपल्या आजोबांचे उपरणेही तेच काम करीत असे.

आणि शेवटी एक चिठ्ठी. तिच्यावर आपले नाव, घरचा दूरध्वनी, रक्तगट, चालू औषधे आणि न सोसणारी औषधे लिहावीत, आणि ती मराठीबरोबर गुजरातीतही लिहावी. आपण पडू तेथे उचलावयास येणारा माणूस बहुधा गुजराती वाचणारा असेल. घरात आपण आपली भाषा जपतो ते योग्यच आहे. परंतु ज्या भूमीने आश्रय दिला, तिच्या लिपीत आपली ओळख लिहिता येणे हाही संरक्षणाचाच भाग आहे.

ही सारी सामग्री, बोथट टोकाची कात्री आणि चिकटपट्टी धरून, एका जलरोधक पिशवीत मावते. दर सहा महिन्यांनी ती उघडून मुदत संपलेल्या वस्तू बदलाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील मुलांना ती उघडावयास लावावी. झोळी कशी बांधतात, जखम किती वेळ दाबतात, १०८ वर ठिकाण कसे सांगतात, हे हातांना आधी ठाऊक हवे. आमच्या शाळेतील बारा वर्षांची मुले तिकोनी रुमाल दोन मिनिटांत बांधतात. मोठ्यांना ते अवघड जाण्याचे कारण नाही.

दांडीस आता २०१९ साली उभारलेले मीठ सत्याग्रहाचे राष्ट्रीय स्मारक आहे. तेथे यात्रेकरूंचे पुतळे चालत्या रांगेत उभे आहेत. कुटुंबीयांसह अवश्य जावे, शक्य तर सायकलीने जावे. पिशवी न उघडता परत आली तर उत्तमच. आणि उघडावी लागली, तर ती बहुधा एखाद्या अनोळखी माणसासाठी उघडावी लागेल, हे मनाशी धरून निघावे.