बिनहाकेचं घर

ध्रुवाची गोष्ट लहानपणी ऐकली की सुरुचीचा भयंकर राग यायचा. पाच वर्षांच्या पोराला बापाच्या मांडीवर बसू न देणारी बाई! आता वाटतं, गोष्ट सांगणाऱ्यांनी सोपं तेवढंच सांगितलं. ध्रुव ३१ वर्षांचा असेल, बॅगेची चेन तुटलेली असेल, तोंडाला वास येत असेल आणि त्याला मांडी नाही, आतली खोली हवी असेल, तर सुरुचीनं काय करायचं?

यांचा मुलगा पहिल्या पावसात आला. आमच्या लग्नाला तेव्हा चार वर्षं झालेली, माझं वय ५४. त्याची नोकरी गेली होती, बायको माहेरी गेली होती. हे दारात नुसते उभे. "ये आत," मीच म्हटलं. मोठेपणा कसला, पाऊस घरात येत होता.

रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवलं की शरीर चवताळतं. आधी हात थरथरतात, पुढच्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात. म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली सोडायची असते. हे मला दवाखान्याच्या बाकावर बसून कळलं. घरी आल्यावरही कप बशीत ठेवताना त्याचा किणकिण आवाज व्हायचा. मी आफ्टरशेव्ह लपवलं, खोकल्याचं औषध लपवलं, पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं. स्वतःच्याच घरात चोरासारखी वावरायचे.

तो मला हाक मारत नसे. 'आई' भिंतीवर, चंदनाच्या हारात. 'मावशी' म्हणावं तर सख्खी मावशी नाशकात. बापाची बायको 'काकू' तरी कशी व्हावी? मराठीनंच आमची सोय केली. "चहा झालाय का?" "गॅस संपलेला दिसतोय." मीही तशीच: "जेवायचंय ना?" कोण कोणाला म्हणतंय याचा पत्ता नाही. कितीतरी महिने आम्ही व्याकरणाच्या आडोशाला राहिलो.

एकदाच पहिला घास घेऊन म्हणाला, "आमच्याकडे आमटीत आमसूल असतं." असतं! आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्या 'आमच्या'त मी नव्हते, आणि ते बरोबरच होतं. तरी रात्री भांडी जरा जोरात आपटली मी.

दिवाळीत घसरला. मग मुक्तांगणाची वाट धरली. डॉ. अनिता अवचटांनी १९८६ साली पुण्यात उभं केलेलं हे व्यसनमुक्ती केंद्र. तिथे घरच्यांनाही बोलावतात. त्याच्या येण्याजाण्याच्या वेळा मी एका वहीत टिपत असे. तिथे चार जणींचं ऐकताना ती वही आठवली आणि कानशिलं तापली. माझंही काहीतरी बिघडलं होतं. वही बंबात घातली म्हणावं, तर बंब आता कुठे, रद्दीत दिली.

परवा रविवारी स्वयंपाकघरात डबे उघडल्याचा आवाज. डाळ शिजत होती. पाठमोराच म्हणाला, "आपली चिंच संपलीय."

मी काही बोलले नाही. तांदळाचा डबा त्याच्यासमोरच उघडला, पाकिटाला चिकटलेले दाणे झटकले आणि पन्नासची नोट दिली. परत आल्यावर सुटे मात्र मोजून घेतले.